बारा कणग्या, एक टोपली

यशवंत खांबेट्याला आपल्या कामाचा गर्व होता आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. नाशकात त्याचा फोटोचा स्टुडिओ होता, मागे रंगवलेला बगीचा आणि पुढे वेताची खुर्ची असलेला. दोन-तीन संस्थानिकांच्या घरची लग्नं त्याने काचेवर उतरवली होती. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याला काय हवंय ते आपल्याला कळतं, असं तो चारचौघांत सांगायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे. त्यामुळे झालं असं, की गिऱ्हाइकाला काही विचारायची त्याची सवयच मोडली.

मुंबईत ज्या पारशी उस्तादाकडे तो हे काम शिकला, त्या पेस्तनजींनी मात्र वेगळं शिकवलं होतं. ते म्हणायचे, ऑर्डर तीन जातींची असते. पहिलीत काय काढायचं ते बैजवार सांगितलेलं असतं: माणसं किती, काच केवढी, हात कुठे. दुसरीत फोटो कशासाठी हवा तेवढंच सांगतात, मुलीला स्थळ बघायचंय किंवा म्हाताऱ्या बापाची आठवण ठेवायचीय, बाकी तुझं तू बघ. तिसरीत गिऱ्हाईक काहीच बोलत नाही, नुसतं येऊन बसतं आणि फोटो आवडला नाही की घर डोक्यावर घेतं. नवशिके तिसरीला घाबरत, पेस्तनजी स्वतः पहिलीला घाबरायचे. तिच्यात विचारायला काही उरलंय असं वाटतच नाही, म्हणून माणूस ‘कशासाठी’ हे विचारत नाही आणि तिथेच फसतो. एकदा काचा धुता धुता त्यांनी चौथी जातही सांगितली होती. कॅमेऱ्यापुढे जो उभा असतो त्याचीही एक ऑर्डर असते, पण ती तो तोंडाने देत नाही. खांबेट्याने ती तेव्हा हसण्यावारी नेली.

जव्हार संस्थानच्या कचेरीतून आलेली ऑर्डर पहिल्या जातीची होती. शिरस्तेदार दिघ्यांच्या वळणदार अक्षरात चार ओळी: जामसरच्या वरच्या पाड्यातली बारा कुटुंबं, एकेका कुटुंबाचा एक फोटो, आपापल्या घरापुढे. घरातली लहानथोर सगळी माणसं दिसावीत. धान्याची कणगी स्पष्ट दिसावी. होळीच्या आत काम पुरं व्हावं. मुंबईच्या कुठल्याशा धर्मादाय कमिटीला ही चित्रं हवी होती आणि कचेरीने फक्त मध्ये राहून फोटोग्राफर गाठून दिला होता.

जर्मनीशी चाललेली मोठी लढाई संपून तीन महिने झाले होते. त्र्यंबक, मोखाडा करत खांबेटे बैलगाडीने जव्हारला पोचला तेव्हा वाटेतली भाताची खाचरं कोरडी ठणठणीत पडलेली त्याने पाहिली होती. पाऊस आदल्या साली मध्येच दडी मारून बसला तो परतलाच नाही, आणि त्यावर मानमोडीच्या साथीच्या तापाने घरंच्या घरं आडवी केली. हे सगळं त्याने पाहिलं, पण कामाशी जोडलं नाही. कणगीचं कलम वाचून तो क्षणभर थबकला एवढंच. मग त्याला पाच वर्षांपूर्वीची एका जहागिरीतली गोष्ट आठवली. तिथे त्याने रयतेचे फोटो जसेच्या तसे काढले होते, फाटक्या लंगोट्यांसकट, आणि कारभाऱ्याने ते त्याच्या अंगावर फेकले होते. असला ओंगळपणा गोऱ्या पाहुण्यांना दाखवू का, असं म्हणाला होता. तेव्हापासून खांबेट्याने गाठ मारून ठेवली होती: संस्थानातली ऑर्डर म्हणजे सगळं साजरं दिसलं पाहिजे.

“कागदात काही शंका?” दिघ्यांनी विचारलं होतं.

“छे हो. आमचं रोजचं काम,” खांबेटे म्हणाला.

दिघे मान खाली घालून पुढच्या कागदाकडे वळले. ते जरा घुटमळले होते, हे खांबेट्याला फार पुढे आठवलं.

जामसरला त्याची कॅमेऱ्याची पेटी आणि ती ठेवायचं तीन पायांचं तिकाटणं सोम्याने वाहून नेलं. सोम्या वरच्या पाड्याचाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. वाटभर मोहाची फुलं वेचणारी माणसं दिसत होती. पाड्यात शिरल्याबरोबर खांबेट्याला कडवट वाफेचा वास आला. चुलींवर कडू कांदे शिजत होते, रानातून खणून आणलेले, ज्यांचं विष जायला दहादा पाणी बदलावं लागतं. त्याने नाकाला रुमाल लावला आणि उजेड बघायला लागला.

पहिलं घर लक्ष्याचं. त्याची बायको नवशी पस्तिशीची, काटक, नजरेला नजर देऊन बोलणारी बाई होती. मानमोडीत तिची सासू आणि थोरली मुलगी गेली होती. राहिलं होतं ते दोन लहानग्यांचं बिऱ्हाड. मुंबईचे मोठे लोक हे फोटो बघणार आहेत, हे सोम्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

“मोठी माणसा बघणार, तं आमाला बरां दिसू दे,” नवशी म्हणाली. “मागून कुनी हसाया नको.”

“ते माझ्यावर सोड,” खांबेटे म्हणाला. आत अंधार, म्हणून कणगी अंगणात आणायला सांगितली. लक्ष्या आणि सोम्याने ती उचलून आणली, आणि ज्या सहजपणे ती उचलली गेली त्यावरूनच तिच्यात काय आहे ते कळण्यासारखं होतं. शेणाने सारवलेली ती बांबूची उंच कणगी एका हाताने हलत होती. नवशीने कणगीच्या तोंडावर पटकन पदर धरला.

तिने नवऱ्याशी काही कुजबुज केली. बायका इकडून तिकडे गेल्या. घटकाभरात प्रत्येक घरातून मूठ, दोन मुठी, कुठून ओंजळभर भात आलं आणि एका टोपलीत जमलं. टोपलीचा काठ एका जागी तुटलेला होता आणि तिथे पांढरी चिंधी बांधलेली होती. कणगीत आधी सागाची वाळकी पानं कोंबली, वर तूस, आणि अगदी वर टोपलीतलं भात पसरलं. पाड्यात चांदीची एकच सरी उरली होती, ती नवशीच्या गळ्यात आली.

खांबेट्याने हे सगळं पाहिलं. त्याच्यापासून कुणी काही लपवलंही नव्हतं. त्याला गंमत वाटली, आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं. रिकामी कणगी परक्याला दाखवली तर कणसरी, म्हणजे दाण्यांची देवी, लाजून घर सोडते, असं सोम्याने त्याला हळूच सांगितलं. खांबेट्याच्या मनात एवढंच आलं, की बरं झालं, यांचं आणि आपलं काम एकच आहे.

“दाणे जरा शीग लावून ठेव,” तो म्हणाला. “आणि ती टोपली कडेवर घे, अशी कलती, आतलं दिसेल अशी. छान.”

मग ती टोपली आणि ती सरी त्याच्या पुढेपुढे पाड्यातून फिरली. फागूच्या घरी कणगी भरली, फोटो झाला, भात परत टोपलीत गेलं आणि टोपली बारक्याच्या घरी गेली. उतरत्या उन्हापर्यंत बारा घरं झाली. बारा बायका तीच टोपली कडेवर घेऊन, तीच सरी घालून, ताठ मानेने उभ्या राहिल्या. पुष्कळ दिवसांनी पाड्यात हसू ऐकू येत होतं. शेवटी ज्याची त्याची मूठ ज्याला त्याला परत मिळाली. खांबेटे तिथून निघाला तेव्हा नवशीने त्याला द्रोणभर मोहाची फुलं दिली. घरात तेवढंच होतं हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने ती घेतली.

जव्हारात एका बंद खोलीत त्याने काचा धुतल्या, कागदावर उतरवल्या आणि दिघ्यांपुढे मांडल्या. बारा फोटो लखलखीत आले होते. दिघे बराच वेळ बघत राहिले. “हे असं आहे होय तिथं,” एवढंच म्हणाले आणि पाकीट टपालात घातलं.

होळीनंतर पंधरा दिवसांनी नाशकात दिघ्यांचं पत्र आलं, सोबत कमिटीच्या पत्राची नक्कल. खांबेट्याने ते मोठ्या उत्साहाने फोडलं. पहिल्याच ओळीत त्याची स्तुती होती: छायाचित्रं उत्कृष्ट, कणगीतला दाणा न् दाणा मोजता येतो. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की ज्यांच्या कणग्या अशा भरलेल्या आणि स्त्रियांच्या गळ्यात चांदी आहे, त्यांना पेरणीसाठी बियाणं देण्याचं कारण दिसत नाही. सबब जामसरच्या वरच्या पाड्याचं नाव यादीतून काढलं आहे.

पत्र त्याने परत वाचलं, मग स्तुतीची ओळ सोडून परत वाचलं. स्टुडिओत एक मारवाडी कुटुंब फोटोसाठी नटून बसलं होतं, त्यांना त्याने उद्या या म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मोखाड्याच्या वाटेला लागला.

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत?” दिघ्यांच्या समोर उभं राहून त्याने विचारलं. बसायचंही त्याला सुचलं नाही.

“तुम्ही कुठं विचारलंत?” दिघे म्हणाले. मग त्यांनी कपाटातून कमिटीचं पहिलं पत्र काढलं आणि बोट ठेवून दाखवलं. चित्रांचं प्रयोजन कोणालाही कळू देऊ नये, कळलं तर लोक गरिबीचं सोंग आणतील. “मला बांधून घातलं होतं हो. तरी तुम्ही विचारलं असतंत तर माझ्या तोंडून निसटलं असतं, अशी मी वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, रोजचं काम.”

सोंग नको म्हणून ज्यांनी दिघ्यांचं तोंड शिवलं होतं, त्यांच्या पदरात खांबेट्याने सोंगच टाकलं होतं, फक्त उलट्या बाजूचं. आणि तेही किती मन लावून. पेस्तनजी आज असते तर त्यांनी शिवीही दिली नसती, नुसते चष्म्यावरून बघत राहिले असते. ते त्याला शिवीपेक्षा जड गेलं असतं.

“दुसरे काढून पाठवतो,” तो म्हणाला.

“बघा पाठवून. यादी जवळजवळ पुरी होत आली आहे.”

लढाईपासून फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. खांबेट्याजवळ तीनच उरल्या होत्या आणि त्यांतल्या दोन गाडीच्या धक्क्यांनी तडकल्या. एक काच घेऊन तो सोम्याबरोबर जामसरला चढला. खाचरांच्या कडेला राब भाजून झाले होते, रोप टाकायच्या जागा काळ्याभोर, तयार. त्यांत पेरायला दाणा नव्हता, आणि आता खांबेट्याला हे सगळं न सांगता दिसत होतं. पाड्यात चुली पेटलेल्या होत्या पण कडू कांद्यांचा वासही कमी झाला होता. जवळपासचे त्यांचे वेल खणून संपले होते.

लक्ष्याच्या अंगणात माणसं जमली. खांबेट्याने काही न लपवता सांगितलं: फोटो कशासाठी होते, कमिटीने काय लिहिलं, आणि त्याने स्वतः काय विचारलं नाही. 

“म्हंजे बियाना येणार व्हता,” लक्ष्या अखेर म्हणाला. “आनी आमी सांगलां का आमाला नको.”

“मी सांगितलं. तुम्ही नाही.”

“आमी बी सांगलां,” नवशी म्हणाली. “मीच बोललू का बरां दिसू दे. तू एकटा काय सगळा आंगावं घेतोस?”

तिने दोषातला आपला वाटा उचलला म्हणून त्याचा काही कमी झाला नाही. त्याने घाईघाईने तिकाटणं उभं केलं. “आता कणगी बाहेर आणा. आहे तशी. तोंड माझ्याकडे करून आडवी ठेवा, आत काही नाही हे दिसू दे. एकच काच आहे, एकाच घरची पुरे.”

कुणी हललं नाही. फागूने जमिनीकडे पाहिलं. सोम्याही, जो त्याच्यासाठी डोंगर चढून आला होता, दोन पावलं मागे सरला.

“रिती कनगी दाखवाची नाय,” नवशी म्हणाली.

“अगं, बियाणं मिळेल त्याने. पोरांकडे बघ.”

“पोरांकडंच बघतू. कनसरीला उघडी केली आनी ती गेली, तं तुझा बियाना रुजल कुठं?”

खांबेट्याच्या ओठांवर आलं होतं, की कसली कणसरी घेऊन बसलीस, उपाशी मराल. शब्द जिभेवर आले आणि तिथेच थांबले. मागल्या खेपेला त्याने या बाईला टोपली अशी धर, दाणे असे रच, म्हणून सांगितलं होतं. आता कणगी अशी ठेव म्हणून सांगत होता. त्याला वाटलं, आपण दुरुस्ती करायला आलो आणि परत तेच करतो आहोत. त्याने डोक्यावरचा काळा कपडा काढून खांद्यावर टाकला.

“मग तूच सांग,” तो म्हणाला. “मुंबईचा माणूस इथे येणार नाही. त्याला एकच चित्र दिसणार. काय दाखवू?”

नवशी आत जाऊन तीच चिंधीची टोपली घेऊन आली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. घराघरांतून ज्याच्याकडे जे होतं ते परत आलं. या वेळी टोपली अर्धीही भरली नाही. कुणी शीग लावली नाही, कुणी सरी घातली नाही. बारा घरांची सगळी माणसं, म्हातारी, पोरं, पोटुशी हिरी, त्या टोपलीभोवती उभी राहिली.

“ही रिती नाय,” नवशी म्हणाली. “हाय तेवढां हाय. हेच्यात लाजायचां काय?”

खांबेट्याने दृश्य जुळवलं नाही, हात कुठे ठेवा ते सांगितलं नाही. सगळे टोपलीकडे बघत होते, कॅमेऱ्याकडे नाही, आणि त्याने त्यांना वर बघायलाही सांगितलं नाही. त्याने भिंगावरचं झाकण काढलं, मनात अंक मोजले आणि झाकण लावलं.

नुसत्या चित्रावर विश्वास टाकायची हिंमत आता त्याच्यात नव्हती. त्याने फोटोच्या पाठीवर लिहिलं: ही बारा घरं आहेत, एक कुटुंब नव्हे. टोपलीत बारा घरांचं सगळं धान्य आहे. आपल्याकडच्या बाराही चित्रांत हीच टोपली आहे, काठाची चिंधी पाहावी. लोकांनी फसवलं नाही, पाहुण्यापुढे आब राखला. चूक माझी, मी काम कशासाठी ते विचारलं नाही. खाली सही केली. हे लिहिल्यावर ती कमिटी आपल्याला पुन्हा काम देणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि तिने दिलंही नाही.

उत्तर वैशाख संपता संपता आलं. कमिटीला खेद होता. चिंधी त्यांनी ताडून पाहिली होती आणि त्यांची खात्री पटली होती. पण बियाणं इतर गावांना वाटून झालं होतं. एक पोतं उरलं होतं, ते पाठवत होते.

बारा घरांना एक पोतं. खांबेटे ते घ्यायला जव्हारला गेला आणि गाडीबरोबर जामसरपर्यंत चालत आला. कॅमेरा त्याने आणला नव्हता.

पोतं लक्ष्याच्या अंगणात उघडलं. माप म्हणून तीच टोपली घेतली, आणि टोपली नवशीची म्हणून वाटायला नवशी. ज्याच्या हाती माप त्याने आपल्या घरी शेवटी घालायचं, ही तिथली रीत. ती फागूच्या घरी गेली, बारक्याच्या घरी गेली. हिरीच्या घरी तिने मापावर एक ओंजळ जास्त टाकली, कारण हिरी दोन जिवांची होती. खांबेटे तिच्या मागोमाग चालत होता. त्याच वाटा, तीच घरं, तोच क्रम, फक्त नवशीचं घर शेवटी. माघात, फोटोंच्या वेळी, ही टोपली दारोदार जाऊन भरलेलीच निघायची. आज ती प्रत्येक दारी खरीच रिकामी होत होती, आणि पोतं तळाला लागत चाललं होतं. त्याने मनाशी हिशेब मांडून पाहिला आणि अकराव्या घरापाशी त्याला दिसलं, की नवशीच्या घराला फारसं उरणार नाही. त्याला ते कळलं होतं, तसं नवशीलाही कळलं होतं. तिने हिरीच्या घरची ओंजळ परत मागितली नाही.

बाराव्या खेपेला लक्ष्याने पोतं उलटं करून झटकलं. टोपलीच्या तळाला चार-सहा मुठी दाणे पडले, एका खाचराच्या कोपऱ्यालाही पुरणार नाहीत एवढे. नवशी टोपली घेऊन आपल्या घरात शिरली. दार उघडंच होतं आणि दारातून कणगी दिसत होती, तिचं तोंड बाहेरच्या बाजूला कललेलं. नवशी वाकली, आणि टोपली उपडी करण्याआधी तिने मान वळवून दारात उभ्या असलेल्या खांबेट्याकडे पाहिलं.

खांबेटे समजला. त्याने पाठ वळवली आणि अंगणाकडे तोंड करून उभा राहिला. मागे कणगीच्या तळावर दाणे पडल्याचा आवाज झाला, आणि तो इतक्या लवकर थांबला की त्याला डोळे मिटून घ्यावे लागले. कणगीचं झाकण लावल्याचं ऐकू येईपर्यंत तो वळला नाही.